लांडग्याचें पुनरागमन आणि त्याचा खर्च

पश्चिम युरोपांतील बहुतेक देशांतून लांडग्याचें निर्मूलन झालें असें धरून तेथील शेतकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या निर्धास्त झोंपल्या. तो लांडगा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तेथें परत आला आहे. कोणीं बोलाविलें नसतां तो आपल्या पायांनीं चालत आला, आणि त्याच्या येण्यानें फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड इत्यादि देशांच्या खेड्यापाड्यांत जो कलह माजला तो अद्याप शमलेला नाहीं. एका रानटी जनावरापायीं मोर्चे निघाले, सार्वमत घेतलें गेलें, आणि अखेर कायदेहि बदलावे लागले.

दूरदेशींच्या या भानगडीशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु सोलापूर, पुणें, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांवर लांडगा आजहि आहे, आणि आपल्या शेतांत मेंढरें बसविणारा धनगर दरसाल त्यास कांहींना कांहीं देतच असतो. तेथील हकीकत बारकाईनें पाहतां असें दिसतें कीं, शेतकऱ्याचें भांडण लांडग्याशीं जेवढें आहे, त्याहून अधिक तें लांडग्याच्या खर्चाच्या वांटणीशीं आहे. लांडगा असावा असें ठरविणारे एक, आणि त्याचें पोट भरणारा दुसरा, अशी ती वांटणी आहे. ही वांटणी आपल्याकडेहि निराळी नाहीं. म्हणून तेथील वृत्तांत आपल्या सभासद बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

लांडगा गेला कसा

फ्रान्स देशांत लांडगे मारण्याचें एक स्वतंत्र खातेंच होतें. ‘लूव्हतेरी’ नांवाच्या या खात्याचा उगम शार्लमेन बादशहाच्या कारकीर्दीपर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेऊन पोंचवितात. तरीहि लांडगा हजार वर्षें टिकला. त्याचा खरा निकाल लागला तो बक्षिसाच्या कायद्यानें. सन १८८२ मध्यें फ्रेंच सरकारनें बक्षिसाचे दर वाढविले. प्रौढ लांडग्यास १०० फ्रँक, आणि माणसावर धांवून आलेला असल्यास २०० फ्रँक, असा तो दर होता. खेडुताच्या दृष्टीनें ही रक्कम लहान नव्हती. पुढच्याच एका वर्षांत तेराशेंहून अधिक लांडग्यांचें बक्षीस सरकारी खजिन्यांतून दिलें गेलें. बंदूक, सांपळा आणि विष यांच्या जोडीला जंगलतोड होतीच. सन १९३० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें लांडगा नामशेष झाला. जर्मनींत तो त्याहून आधीं संपला होता. पूर्वेकडील लाउझित्स प्रांतांत सन १९०४ मध्यें मारलेला लांडगा हा तेथील जुन्या लांडग्यांपैकीं शेवटच्यांत मोडतो.

लांडगा गेला त्याबरोबर आणखीहि एक गोष्ट हळूहळू गेली, आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ती म्हणजे रात्रीची रखवाली. कळपापाशीं निजणारा माणूस, लांडग्याशीं झुंजणारा कुत्रा आणि रात्रीं मेंढरें कोंडण्याची चाल, या तिहींचा खर्च केवळ लांडग्याच्या भयानें सोसला जात होता. भय गेल्यावर तो कोणी कां सोसील? पुढें लोंकरीचा भाव इतका उतरला कीं, कातरणीची मजुरीहि तींतून निघेना. मांसासाठीं वाढविलेल्या कोंकराला परदेशांतून येणाऱ्या स्वस्त मांसाशीं टक्कर द्यावी लागली. अशा स्थितींत एका माणसानें अधिक मेंढ्या सांभाळाव्या, तरच धंदा टिकावा, असें झालें. आल्प्स पर्वताच्या उन्हाळी कुरणांवर हजार-दीड हजार मेंढ्यांचा कळप ही सामान्य गोष्ट झाली. कित्येक डोंगरांवर तर मेंढरें मोकळीं सोडून देऊन मालकानें आठवड्यांतून एकदां वर जाऊन मीठ घालून यावें, एवढ्यावर काम भागूं लागलें. यांत आळस नव्हता. ज्या वैऱ्याचा मागमूस उरला नाहीं, त्याच्यासाठीं पहारा न ठेवणें हें शहाणपणाचेंच होतें.

परत आला कसा

इटलीमध्यें मात्र लांडगा पुरता नष्ट झाला नव्हता. देशाच्या कण्याप्रमाणें पसरलेल्या आपेनाइन डोंगरांत तो तग धरून होता. सन १९७० च्या सुमारास त्यांची संख्या अवघी शंभराच्या आसपास उरली होती. सन १९७१ मध्यें इटालियन सरकारनें त्याच्या शिकारीस बंदी केली, आणि १९७६ मध्यें त्यास पूर्ण संरक्षण दिलें. त्याच काळांत डोंगरी गांवें ओस पडत चाललीं होतीं. माणसें शहरांत गेलीं, पडक्या शेतांवर रान माजलें, रानांत हरणें आणि रानडुकरें वाढलीं. लांडग्यास आसरा आणि भक्ष्य दोन्हीं मिळालीं. तो डोंगराच्या धारेनें उत्तरेस सरकत सरकत आल्प्स पर्वतांत शिरला, आणि ५ नोव्हेंबर १९९२ रोजीं फ्रान्सच्या हद्दींतील मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानांत दोन लांडगे पहारेकऱ्यांच्या दृष्टीस पडले. स्वित्झर्लंडमध्यें तो १९९५ च्या सुमारास पोंचला. पोलंडमधून पश्चिमेकडे सरकलेल्या लांडग्यांस सन २००० मध्यें जर्मनींत, लाउझित्समधील एका लष्करी कवायतीच्या रानांत, पिलें झालीं. जेथें शेवटचा लांडगा पडला, त्याच प्रांतांत शंभर वर्षांच्या आंत नवा वंश सुरू झाला.

फ्रान्समधील कित्येक मेंढपाळांची अशी समजूत आहे कीं, लांडगा आपण होऊन आला नाहीं, तो कोणीं तरी गुप्तपणें आणून सोडला. आनुवंशिक परीक्षेवरून ते इटलीच्याच वंशाचे आहेत असें ठरलें, व फ्रेंच लोकसभेनें सन २००३ मध्यें या सर्व प्रकरणाची चौकशी समितीमार्फत केली. तरी हा संशय अद्याप पुरता गेलेला नाहीं. संशयाचें मूळ जनावरांत नसून कायद्यांत आहे. सन १९७९ च्या बर्न येथील करारानें आणि १९९२ च्या युरोपीय निर्बंधानें लांडगा हा कडक संरक्षणाचा प्राणी ठरला होता. म्हणजे मेंढपाळानें डोळे उघडून पाहिलें तेव्हां लांडगा दारांत होता, आणि त्याच्या रक्षणाचा कायदा आधींच छापून तयार होता. त्या कायद्याच्या वेळीं त्याचें मत कोणीं विचारलें नव्हतें. अशा माणसास कट दिसला तर त्यांत नवल नाहीं.

संतापाचें स्वरूप

२७ नोव्हेंबर २०१४ रोजीं फ्रेंच शेतकऱ्यांनीं सुमारें तीनशें मेंढ्या पॅरिस शहरांत आणून आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशीं उभ्या केल्या. शहरवासीयांनीं मेंढी डोळ्यांनीं पाहावी, हा हेतु. पुढच्या वर्षीं सप्टेंबरच्या आरंभीं सव्हॉय प्रांतांतील सुमारें पन्नास शेतकऱ्यांनीं व्हानवाज राष्ट्रीय उद्यानाच्या अध्यक्षांस व संचालकांस एक रात्रभर अडकवून ठेवलें, आणि सहा लांडगे मारण्याची मागणी केली. जर्मनींत शेतकरी रात्रीं गांवोगांव मोठमोठ्या शेकोट्या पेटवितात व त्यांस इशाऱ्याचा अग्नि म्हणतात. हे प्रकार कायद्यास धरून आहेत कीं नाहींत हा प्रश्न वेगळा. परंतु एरव्हीं शांत असणारा, डोंगरावर एकटा राहणारा माणूस या थरास कां येतो, हें समजून घेतलें पाहिजे.

वाघ किंवा बिबट्या बहुधा एक जनावर मारतो आणि उचलून नेतो. लांडगा कोंडलेल्या वा बावरलेल्या कळपांत शिरला म्हणजे एकावर थांबेलच असें नाहीं. मेंढी पळते पण फार दूर पळत नाहीं, आणि पळणारें जनावर दिसेपर्यंत लांडग्याचा आवेश उतरत नाहीं. सकाळीं मालकास दहा-वीस मेंढ्या पडलेल्या सांपडतात. त्यांतील कांहीं फाडलेल्या पण जिवंत असतात, व त्यांस स्वतःच्या हातानें संपवावें लागतें. कांहीं वेळां घाबरलेला सबंध कळप कड्यावरून कोसळतो, आणि एकाहि मेंढीस लांडग्याचा दांत लागलेला नसतो. वांचलेल्या मेंढ्या गाभटतात, दूध आटतें, वजन घटतें. कित्येक पिढ्या निवडून जमविलेला वाण एका रात्रींत मोडतो; तो बाजारांत विकत मिळत नाहीं.

यानंतर अधिकारी येतो, दांतांच्या खुणा मोजतो, कातडें सोलून पाहतो. फ्रान्समध्यें लांडग्याचा संशय खोडून निघत नसेल तर भरपाई मिळते, आणि कळपास बसलेल्या धक्क्याबद्दलहि कांहीं रक्कम धरतात. ही गोष्ट त्या सरकारास भूषणावह आहे. परंतु जी मेंढी रानांत भरकटून नाहींशी झाली, जिचें प्रेतच हातीं लागलें नाहीं, तिचा दावा शाबीत करणें कठीण जातें. आणि पुढच्या रात्रीं लांडगा येईल काय, या धास्तीनें जी झोंप गेली, तिची किंमत कोणत्याहि तक्त्यांत नसते.

सरासरीचा न्याय

युरोपीय आयोगानें सन २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आढाव्याप्रमाणें युरोपीय संघाच्या देशांत २०,३०० च्या आसपास लांडगे होते, आणि ते दरसाल निदान ६५,५०० पाळीव जनावरें मारीत होते. त्यांत सुमारें तीन चतुर्थांश शेळ्यामेंढ्या होत्या. त्याच आढाव्यांत असेंहि दाखविलें होतें कीं, संघांत मेंढ्यांची एकंदर संख्या ६ कोटींच्या घरांत असल्यामुळें, लांडग्यानें मारलेल्या मेंढ्यांचें प्रमाण दहा हजारांत सहा-सात एवढेंच पडतें. रोगराईनें, पडझडीनें वा भटक्या कुत्र्यांनीं मरणाऱ्या जनावरांपुढें हें कांहींच नव्हे, असें लांडग्याचे कैवारी म्हणतात. आंकडा खरा आहे. परंतु शेतकऱ्याचें त्यानें समाधान होत नाहीं, आणि कां होत नाहीं हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

आणेवारीचा अनुभव आपणां सर्वांस आहे. गांवच्या पिकाची आणेवारी, आतांच्या भाषेंत पैसेवारी, निम्म्याच्या वर लागली म्हणजे गांव दुष्काळी ठरत नाहीं. मग ज्याच्या शेतांत दाणाहि आला नाहीं, तोहि त्या सरासरीच्या पोटांत जातो. महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांनीं असे अर्ज ढिगांनीं पाहिले आहेत. अर्जांतील हकीकत खोटी नसते आणि तक्त्यांतील सरासरीहि खोटी नसते. परंतु सरासरी कोणाच्या घरीं चूल पेटवीत नाहीं. लांडग्याचेंहि तसेंच. दहा हजारांत सात, हें नुकसान दहा हजार मालकांत वांटलें जात नाहीं. तें सातांच्या सात एकाच कळपांत, एकाच रात्रीं होतें, आणि बहुधा ज्याच्यापाशीं थोडें आहे त्याचेंच होतें. राष्ट्राच्या हिशेबीं जें अल्प, तें त्या घरच्या हिशेबीं सर्वस्व असूं शकतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून शेतकऱ्याचा राग समजणार नाहीं.

रखवालीचे उपाय आणि त्यांची किंमत

तीस वर्षांच्या अनुभवानें तेथील सरकारांस एक गोष्ट पटली आहे कीं, मेलेल्या मेंढीची किंमत देत बसण्यापेक्षां मेंढी मरूं न देणें बरें. फ्रान्समध्यें लांडग्यांची संख्या अलीकडे एक हजाराच्या आसपास असून दरसाल दहा हजारांवर जनावरें मारलीं जातात. तेथें रखवालीच्या खर्चाचा बहुतेक भाग सरकार सोसतें. मदतनीस गुराख्याचा पगार, कुत्र्यांची खरेदी व पोषण, आणि जाळ्यांचीं कुंपणें यांसाठीं जी रक्कम जाते, ती भरपाईच्या रकमेच्या कित्येक पट आहे. ज्यानें कांहींच बंदोबस्त केला नाहीं त्यास भरपाई देतांना आतां हात आंखडता घेतात.

उपाय तीन. पहिला कुत्रा. पिरेनीज डोंगरांतील पांढरा, थोराड, ‘पातू’ नांवाचा कुत्रा पिलूपणापासून मेंढ्यांत वाढवितात. तो मेंढ्यांस आपलें कुटुंब समजतो व परक्यावर धांवून जातो. दुसरा उपाय विजेचें जाळें. आपले धनगर जी वाघर लावतात तशीच ही वाघर, फक्त तिच्या तारांतून बॅटरीवर चालणारा सौम्य विजेचा झटका खेळत असतो. तिसरा उपाय माणूस, जो कळपापाशीं रात्र काढील.

तिन्हीं उपाय गुणकारी आहेत, पण एकहि फुकटचा नाहीं, आणि सरकारनें पैसे दिले तरी त्यांचा सगळा भार पैशांत मोजतां येत नाहीं. उन्हाळ्यांत मेंढी पहांटे आणि तिन्हीसांजेस गारव्यांत चरते. नेमक्या त्याच वेळीं तिला कोंडावें लागतें, म्हणून ती कमी चरते. रोज एकाच जागीं कोंडल्यानें जमीन तुडविली जाते, चिखल होतो, खुरांस रोग लागतो. खडकाळ उतारावर जाळ्याचे खुंट उभे राहत नाहींत. पातू कुत्रा लांडगा आणि सहलीस आलेला शहरी प्रवासी यांत नेहमींच भेद करीत नाहीं. तो चावला म्हणजे मालकावर फिर्याद होते. उत्तर जर्मनीच्या समुद्रकांठच्या बांधांवर मेंढ्या चारतात त्या केवळ मांसासाठीं नव्हे. त्यांच्या खुरांनीं बांधाची माती दाबली जाते व गवत आंखूड राहून मुळें घट्ट होतात. पुरापासून मुलुख राखण्याचें काम त्या करतात. शेंकडों मैल लांबीच्या त्या बांधांस जाळी कोठवर लावणार, हा तेथील मेंढपाळांचा प्रश्न आहे.

याच्या उलट चित्र इटलीच्या आब्रुत्सो प्रांतांत दिसतें. तेथें लांडगा कधीं गेलाच नाहीं, म्हणून रखवालीहि कधीं गेली नाहीं. मेंढ्या दुभत्या, त्यांच्या दुधाचें चीज होतें. त्यामुळें धनी दोन वेळां धार काढण्यास कळपापाशीं असतोच. रात्रीं मेंढ्या कोंडतात, आणि पांढऱ्या राखण्या कुत्र्यांच्या गळ्यांत लोखंडी खिळ्यांचे पट्टे असतात, म्हणजे लांडग्यास नरडें धरतां येऊं नये. आपल्याकडे हिमालयांतील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांस असेच पट्टे घालतात. आब्रुत्सोंत नुकसान होत नाहीं असें नाहीं. पण तें धंद्याच्या खर्चांत धरलेलें असतें. त्याच इटलींत, तोस्काना प्रांतांत किंवा आल्प्सच्या बाजूस, जेथें लांडगा पिढ्यांच्या खंडानंतर आला, तेथील मेंढपाळांचा संताप फ्रेंचांसारखाच आहे. देश एक, लांडगा एक, कायदा एक. फरक इतकाच कीं, एका ठिकाणीं रखवालीची चाल जिवंत होती, आणि दुसऱ्या ठिकाणीं ती नव्यानें विकत घ्यावी लागली.

मत कोणाचें, भार कोणाचा

शेतकरी सर्व एका मताचे आहेत असें मात्र समजूं नये. ज्याच्या धान्याची नासाडी रानडुकरें करतात, ज्याच्या लावलेल्या झाडांचे शेंडे हरणें खातात, त्यास लांडगा फारसा वाईट वाटत नाहीं. तो त्याचा फुकटचा राखणदार असतो. मेंढीवाल्यास मात्र तो चोर. एकाच गांवांत दोन शेजाऱ्यांचे हिशेब असे उलटे येतात.

शहर आणि डोंगर यांचे हिशेबहि तसेच उलटे येतात. स्वित्झर्लंडमध्यें लांडगे मारण्याचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर २७ सप्टेंबर २०२० रोजीं सार्वमत झालें, व शेंकडा ५१.९ मतांनीं तो कायदा नामंजूर झाला. व्हॅले, ग्राउब्युन्डन यांसारख्या डोंगरी प्रांतांनीं, म्हणजे जेथें लांडगा प्रत्यक्ष आहे त्यांनीं, कायद्याच्या बाजूनें कौल दिला होता. झूरिक, जिनीव्हा, बासेल या शहरांच्या मतांनीं तो फिरला. लोकसत्तेंत बहुमतानें निकाल लागावा हें रास्तच. परंतु बहुमतानें जें ठरलें त्याचा खर्च अल्पमतानें एकट्यानें भरावा, हें मात्र न्यायाचें नाहीं.

पुढें वारें फिरलें. फ्रान्समध्यें अलीकडे एकंदर संख्येच्या शेंकडा १९ पर्यंत लांडगे मारण्याची परवानगी दरवर्षीं देण्याचा प्रघात पडला, आणि त्या कामीं जुन्या लूव्हतेरीचेच वारसदार पुन्हां बंदूक घेऊन उभे राहिले. सन २०२२ च्या सप्टेंबरांत युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांच्या घरचें तट्टू लांडग्यानें मारलें, त्याची चर्चा सर्वत्र झाली. ३ डिसेंबर २०२४ रोजीं बर्न कराराच्या समितीनें लांडग्यास ‘कडक संरक्षित’ या वर्गांतून काढून ‘संरक्षित’ या खालच्या वर्गांत घातलें, व २०२५ च्या मध्यांत युरोपीय संघानेंहि आपला निर्बंध त्याप्रमाणें बदलला. बंदूक सैल झाल्यानें मेंढपाळाचें मन थोडें हलकें झालें असेल. पण वीस हजार लांडगे गोळीनें नाहींसे करावयाचे नाहींत हें सर्वांनीं मान्य केलें आहे. तेव्हां रात्रीची रखवाली आणि तिचा खर्च हा प्रश्न होता तेथेंच आहे.

आपल्या माळावर

आतां आपल्याकडे वळूं. इंग्रजी अमलांत आपल्या देशांतहि लांडग्यावर बक्षिसें होतीं. सन १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले असावे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आज सबंध देशांत ते तीन हजारांच्या घरांत उरले आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत त्यांचा समावेश आहे. आपला लांडगा युरोपांतल्याहून अंगानें लहान, घनदाट जंगलांत न राहतां उघड्या माळावर राहणारा. दप्तरांत ज्यास ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ म्हणतात, तेंच त्याचें घर. तेथील ससे, काळवीट कमी झाले, माळ नांगराखालीं वा इमारतींखालीं गेला, कीं तो शेळ्यामेंढ्यांवर येतो.

आपली स्थिति आब्रुत्सोसारखी आहे. लांडगा पुरता गेला नाहीं, आणि धनगराची वाघर, त्याचे कुत्रे, त्याचें वाड्यावर निजणें हेंहि गेलें नाहीं. जें ज्ञान फ्रेंच सरकार लक्षावधि युरो खर्चून पुन्हां शिकवीत आहे, तें आपल्या वाटेनें दरसाल पायीं जातें, आणि आपण त्यास मागासलेपण म्हणतों. तें ज्ञानहि आतां उतरणीस लागलें आहे. घोंगडीस गिऱ्हाईक नाहीं, लोंकरीस भाव नाहीं, चराईस जागा नाहीं, आणि धनगराचीं मुलें दुसऱ्या कामधंद्यास लागत आहेत. एकदां ती चाल मोडली तर ती परत आणण्यास काय पडतें, हें वर आलेंच आहे.

आणि येथें आपण जमीनधारकांनीं एक गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. स्वित्झर्लंडांतील शहरवासी जसे मत देऊन मोकळे होतात, तसेच या बाबतींत आपण आहों. मेंढ्या आपल्या वावरांत बसतात. लेंडीखत व मूत आपल्या जमिनीस मिळतें. काळविटाचीं पाडसें आणि डुकराचीं पिलें लांडगा खातो, त्याचा फायदा आपल्या ज्वारी-हरभऱ्यास. आणि त्या रात्रीं मेंढी जाते ती मात्र धनगराची. खत आपलें, पीक आपलें, नुकसान त्याचें, ही वांटणी बरोबर नव्हे.

यास मोठे कायदे नकोत. आपल्या हातांतील कांहीं साध्या गोष्टी पुरेशा आहेत. मेंढ्या बसवितांना जागा ओढ्याच्या झाडीलगत किंवा उंच उभ्या पिकालगत न देतां मोकळ्या, वस्तीच्या बाजूच्या तुकड्यांत द्यावी. बसवणुकीचा मोबदला ठरवितांना रात्रीच्या जागरणाचा विचार करावा. विहिरीवरील दिव्याचा उजेड वाड्यापर्यंत पोंचविणें बहुतेकांस शक्य आहे. पोल्ट्रींतील मेलेल्या कोंबड्या आणि मेलेलीं जनावरें उघड्यावर टाकूं नयेत. त्या वासानें लांडगा वस्तीजवळ येतो व तेथेंच रुळतो. मढ्यांत विष घालण्याचा मोह कोणास होईल. परंतु त्या विषानें राखणदार कुत्रे, गिधाडें आणि गांवचीं गुरेंहि मरतात, व कायद्यानेंहि तो मोठा गुन्हा आहे. गांवच्या कुत्र्यांस लशी टोंचून घ्याव्या, कारण पिसाळ व इतर रोग कुत्र्यांपासून लांडग्यांत जातात, आणि पिसाळलेला लांडगा माणसावर धांवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पंचनाम्याची. महाराष्ट्र सरकारच्या नियमांप्रमाणें लांडग्यानें मारलेल्या जनावराची भरपाई मिळते. पण धनगर आपल्या गांवापासून शंभर कोस दूर असतो. वनरक्षक कोठें भेटेल हें त्यास ठाऊक नसतें, पंच म्हणून उभा राहणारा ओळखीचा माणूस त्यास नसतो, आणि दुसरे दिवशीं त्याचा वाडा पुढें हालावयाचा असतो. म्हणून बहुतेक वेळां तो मढें टाकून निघून जातो. ज्याचा पंचनामा नाहीं त्याचें नुकसान सरकारच्या लेखीं झालेंच नाहीं. ज्याच्या वावरांत मेंढी मेली त्या मालकानें त्याच सकाळीं वनखात्यास वर्दी दिली, मढें हालविलें नाहीं, फोटो काढून ठेवला, गट नंबर सांगितला आणि स्वतः पंच म्हणून सही केली, तर निम्में काम झालें. यास पैसा लागत नाहीं. अर्धा दिवस लागतो.

खरिपाची सुगी उरकून रानें मोकळीं होतील, आणि धनगरांचे वाडे वाटेला लागतील. आपल्या प्रत्येक गांवच्या सभासदांनीं वनखात्याच्या जवळच्या कचेरीचा व वनरक्षकाचा पत्ता आणि दूरध्वनि क्रमांक चावडीवर ठळक अक्षरांत लावून ठेवावा, व वाडा गांवांत उतरला कीं तो धनगरास दाखवावा, एवढी विनंति आहे.